झुंबराखालचं फुकट वायफाय

परदेशात इंटरनेटवर पैसे घालवणाऱ्या माणसाला मी सरळ बावळट म्हणतो. म्हणजे म्हणायचो. गेल्या महिन्यापर्यंत!

आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते आणि मी तिथे सोळा वर्षं खरेदी विभागात आहे. यंदा विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि नेमकं तेव्हाच मोठ्या साहेबांनी मला खोकी दुमडायचं यंत्र बघायला चक्क परदेशी धाडलं. "यंत्र नीट बघ. उधळपट्टी करू नकोस. मग तुझ्या बढतीचं बघू," एवढंच म्हणाले. साहेब इतके चिक्कू, की आलेल्या पाकिटाच्या मागच्या बाजूवर नेमणूकपत्र लिहितील. काटकसर दाखवली की खुर्ची आपली, हे मी तिथल्या तिथे ताडलं.

"अहो, तेवढं नेटचं पॅक घ्या," बॅग भरताना बायको म्हणाली.

"अगं, तिकडे वायफाय गल्लोगल्ली फुकट असतं!"

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? परदेश आहे तो!"

हिशेबनीस बाईंनी नेटसाठी दिलेले पैसेही मी ऐटीत परत केले. बाईंनी नोकरीत पहिल्यांदाच परत आलेले पैसे पाहिले असावेत. त्यांनी नोटा उजेडात धरून तपासल्या.

तिकडे पोचलो तर हॉटेलात वायफायचे पैसे वेगळे, आणि तेही तासावर! मी बाणेदारपणे नकार दिला. समोरच्या कॅफेत वायफाय होतं, पण तिथे नुसतं बसू देईनात. बायकोला 'सुखरूप पोचलो' एवढं कळवेपर्यंत चार कॉफ्या पोटात गेल्या आणि रात्रभर डोळा लागला नाही. चार कॉफ्यांत पॅक आलं असतं का, हा हिशेब मी मुद्दामच केला नाही.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांना व्हिडिओ कॉलवर यंत्राचा अहवाल द्यायचा होता. माझी बढती त्या एका कॉलवर लटकली होती. सकाळी नऊपासून वायफाय हुडकत निघालो आणि देव पावला! फर्निचरचं तीनमजली दुकान, आणि दारातच मोफत वायफायची पाटी. आत कोण आलं, कोण बसलं, कुणी विचारत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर सजवलेल्या खोल्याच मांडल्या होत्या. त्यातलं एक टेबल पकडलं, फुलदाणीला फोन टेकवला, टाय सरळ केला. मागे काय आहे ते बघायचं मात्र राहून गेलं.

"आवाज येतोय का, साहेब?"

"आवाज राहू दे. तुझ्या मागे झुंबर आहे का?"

मी वळलो. झुंबर होतं. त्याच्याखाली अख्खं कुटुंब लोळेल असा मखमली पलंग होता.

"हे हॉटेल?" साहेबांचा आवाज चढला. "कंपनीच्या पैशांनी?"

तेव्हाच खरं सांगून मोकळा झालो असतो तर! पण होणारा विभागप्रमुख दुकानात फुकट्यासारखा बसलाय, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

"साधीच खोली आहे, साहेब. इकडे असंच असतं!"

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी बूट काढले आणि पलंगावर ऐसपैस आडवे झाले.

"तो कोण?"

"ते... खोलीतले भागीदार, साहेब! भाडं निम्मं पडावं म्हणून!"

साहेब जरा निवळले. मग आजीबाई आल्या, उशी थोपटून आजोबांशेजारी पहुडल्या.

"आणि त्या?"

"त्यांच्या मिसेस. म्हणजे आता माझा हिस्सा एक तृतीयांश!"

"तिघं एका पलंगावर?"

"छे, छे! मी खाली झोपतो, साहेब!"

घाम पुसून मी यंत्राची माहिती सुरू केली. पण आजीबाईंना पलंग पसंत पडला नाही. त्यांना माझं टेबल आवडलं! दुकानातली मुलगी टेप घेऊन आली, माझी कोपरं बाजूला सारून मापं घेतली आणि तिच्या भाषेत गोड हसून काहीतरी विचारलं. सगळं ठीक आहे ना, असं विचारत असेल समजून मी मान डोलावली. लगेच दोन आडदांड हमाल आले आणि त्यांनी टेबल उचललं. फुलदाणीसकट, फोनसकट, साहेबांसकट!

"साहेब, हलू नका!" असं ओरडत मी मागे धावलो.

फोनचं तोंड माझ्याकडे होतं, त्यामुळे साहेबांना सगळं व्यवस्थित दिसलं. ओळीने मांडलेले चाळीस पलंग, चाळीस झुंबरं, बूट काढून लोळणारी माणसं आणि मधून हात पसरून धावणारा मी. वर साहेबांनी कॉल सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर लावला होता. झाडून सगळं ऑफिस बघत होतं!

लिफ्टच्या दारात फोन हाती लागला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"साहेब, हे हॉटेल नाही. फर्निचरचं दुकान आहे. नेटचे पैसे वाचवायला इथे येऊन बसलो. तुमच्याशी खोटं बोललो, माफ करा."

सोळा वर्षांची नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. बायकोला काय सांगू, या विचाराने रडूच फुटायचं बाकी होतं.

"म्हणजे नेटचा खर्च किती?" साहेबांनी हळूच विचारलं.

"शून्य, साहेब."

"आणि कुणी हाकललं नाही?"

"नाही, साहेब. दहा वाजल्यापासून बसलोय."

साहेबांचा चेहरा असा उजळला, की मला फोन जरा लांब धरावा लागला. "ऐका रे सगळे! विभागप्रमुख असावा तर असा! आजपासून खुर्ची याची!"

पलीकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी छाती फुगून टाय वर आला. हमालांनीसुद्धा टेबल खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

"फक्त एक सांग," टाळ्या थांबल्यावर साहेब म्हणाले, "चाळीस पलंग फुकट असताना तू हॉटेल कशाला घेतलंस?"