वेम्बलीतला जपानी संडास

लंडनमध्ये वेम्बलीच्या स्नेहदीप मराठी मंडळाच्या हॉलमध्ये संडास एकच, आणि त्याची कडी लागत नसे. आत बसलेल्याने एक पाय लांब करून दार दाबून धरायचं, ही तिथली जुनी वहिवाट. येणारा प्रत्येक अध्यक्ष कडीसाठी सबकमिटी नेमायचा आणि स्वतःही पाय लांब करून बसायचा.

डॉक्टर शशिकांतना या मंडळाचे अध्यक्ष व्हायचं होतं. जन्मभर लोकांचे हर्निया कापलेला माणूस. हॉस्पिटलात सगळे ऐकायचे, पण रिटायर झाल्यावर पिनरच्या घरात मांजरसुद्धा ऐकेना. ऐकणारे हवेत तर मंडळ हवं, आणि मंडळ हवं तर एखादा मुद्दा हवा. तो मुद्दा त्यांना जपानच्या टूरवर बसल्या जागी सापडला.

झाकण आपणहून उघडलं. सीट कोमट. एक बटण दाबलं तर ओढ्याची खळखळ, म्हणजे आतलं बाहेर ऐकू जायला नको. दुसरं दाबलं तर खालून पाण्याची धार, तीही अशी नेम धरून की डॉक्टरांचे डोळे भरून आले. हेच डॉक्टर घरी गोरे पाहुणे यायचे असले की बाथरूममधलं टमरेल कपाटात दडवायचे. पाणी तेच. टमरेलातून आलं तर मागासलेपण, बटणातून आलं तर संस्कृती.

परत आल्याआल्या त्यांनी मंडळात स्लाइड शो केला. तिकडे संडासाच्या चपला वेगळ्या असतात, जुन्या लोकांच्या मते संडासाला देवताही असते, शाळेत पोरं स्वतः साफसफाई करतात, हे सगळं सांगितलं. शेवटी आवाज घोगरा करून म्हणाले की काही कंपन्यांत चेअरमन स्वतः गुडघे टेकून संडास घासतो. टाळ्या थांबेनात. ईलिंगच्या डेंटिस्ट मिलिंदनी रुमाल काढला. आपल्याकडे हे का नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना विचारलं आणि चहाला गेले.

डॉक्टरांनी मंडळाला जपानी संडास भेट दिला. बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी त्यांच्या नावाची पाटी बसवली. कडीसुद्धा लागली. मग स्वच्छतागृह संस्कार उपसमिती आली, आणि नियम आले. बूट बाहेर, चपला आत. पण दुसऱ्याने घातलेल्या चपलेत पाय कोण घालणार? म्हणून प्रत्येकाने घरून आपापल्या आणायच्या. दारात कमरेतून वाकायचं. आणि इंडक्शन, म्हणजे बटणांचं रीतसर शिक्षण, घेतल्याशिवाय कोणी बसायचं नाही. इंडक्शन मिलिंद घेत. ते जपानला गेले नव्हते, पण सुशी नेहमी खात.

"अहो, घाईची लागली तर आधी वाकायचं की आधी पळायचं?" डॉक्टरांच्या बायकोने, अनुराधाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, याला डिसिप्लिन म्हणतात.

पुढे एजन्सीकडून येणाऱ्या क्लीनर बाईंनाही उपसमितीने आधी वाकायला सांगितलं. त्यांनी वाकण्याबद्दलचं आपलं मत स्वच्छ इंग्रजीत दिलं आणि मॉप तिथेच टाकून गेल्या. दुसरं कोणी येईना. व्हायचं ते झालं, वास सुटला. तेव्हा उपसमितीने पावित्र्य राखण्यासाठी संडासाला कुलूप घातलं, आणि सभासद समोरच्या पबमध्ये जाऊ लागले. नुसतं आत शिरणं बरं दिसत नाही म्हणून बिअरचा हाफ पाइंट घ्यायचे, आणि त्या हाफ पाइंटमुळे पुन्हा जायचे.

एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, डॉक्टर अध्यक्ष म्हणून बिनविरोध येणार हे ठरलेलंच होतं. हार आणलेला होता. तेवढ्यात कौन्सिलच्या नोकरीतून रिटायर झालेल्या सुनीतीताई उठल्या.

"डॉक्टर, चेअरमन स्वतः घासतो हे तुमचं वाक्य माझ्या मनातून जात नाही बघा. आपणही तेच करू. जो आत जाऊन घासून येईल, तो अध्यक्ष."

सगळे हात वर गेले. सवयीने डॉक्टरांचाही गेला. सुनीतीताईंनी पिशवीतून कोरा ब्रश काढून टेबलावर ठेवला.

मनगटापर्यंत माणसांच्या आतड्यांत फिरलेले ते हात. डॉक्टरांनी ते खिशात घातले.

"तत्त्वतः मी तयार आहे," ते म्हणाले, "पण माझा गुडघा..."

"काल गोल्फ खेळून आलात," अनुराधा म्हणाली.

डॉक्टर तिच्या कानाशी वाकले. "अगं, आईला काय वाटेल?"

"सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली अहो."

"म्हणून काय झालं?"

मिलिंद म्हणाले, हा मान तरुणांचा. तरुणांतर्फे तनया उठली. ती इथेच जन्मलेली. "मला खूप इन्स्पायरिंग वाटला हे," ती म्हणाली, "पण आपण कोणतरी ठेवू ना त्याच्यासाठी?" कोणीतरी सुनीतीताईंनाच पुढे केलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, प्रस्ताव मांडणाऱ्याने उमेदवार होणं घटनेत बसत नाही.

डॉक्टरांनी अर्ज मागे घेतला. हार भिंतीवरच्या उद्घाटनाच्या फोटोतल्या संडासाला घातला.

अध्यक्षपद तेव्हापासून रिकामं आहे. आत वास आहे, बाहेर आदर आहे. उमेदवाराने जपान पाहिलेलं नसलं तरी चालेल, मराठी आलं म्हणजे पुरे. तुम्ही इथवर वाचलंत आणि डॉक्टरांना मनसोक्त हसलात, म्हणजे तुमची मतं पुढारलेली दिसतात. मंडळाने अध्यक्षपदासाठी तुमचं नाव घातलंय. रविवारी या. आणि गुडघा सोडून दुसरं काही कारण असेल, तर ते आत्ताच सांगा.