आबिड्सच्या अठ्ठावीस सेकंदांची मोहीम

शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सरी, माघ शुद्ध पक्षी, रविवारी, हैदराबाद ऊर्फ भागानगर येथे आबिड्सच्या मैदानी जे जाहले, ते जैसे घडले तैसे, सेकंदाचाही फरक न करिता लिहिले आहे. वाचणाराने शंका धरू नये. धरल्यास घड्याळ घेऊन बसावे.

त्या समयी मुलखात नवे वारे सुटले होते. गच्च्यागच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उभ्या राहिल्या आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. चिक्कडपल्लीचे राजमान्य राजश्री शशिकांतराव यांची कन्या मानसीबाई पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन घरी आली आणि मग तिने चित्रपट, कला, साहित्य व जनसंवाद या चार प्रांतांच्या प्राथमिक अभ्यासाचा सायंवर्ग धरिला. तीर्थरूपांनी फर्मान काढिले, जे या वर्गात नापास झालीस तर दुसऱ्याच दिवसापासून कॉम्प्युटरचा क्लास, फॉर्म भरून तयार आहे.

वर्गाचे हुजूर एकनाथराव मास्तर. त्यांनी परीक्षेचा हुकूम सोडिला, जे रस्त्यावरील सहज जीवनाचे एकच दृश्य अठ्ठावीस सेकंदांचे टिपून आणावे, आणि त्यात एकाही इसमाने भिंगात पाहिले तर नापास. कॅमेरा चावीचा, एका चावीत अठ्ठावीस सेकंदच चाले, आणि फीत पाच चाव्यांपुरती.

मग मानसीबाईंनी ज्यूसच्या गाड्याआड ठाणे दिले. रविवार म्हणोन दुकाने बंद, आणि फुटपाथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरलेला. पहिल्या चावीस एका गृहस्थाने भिंग पाहिले आणि खिशातून कंगवा काढिला. दुसरीस सात जणांचे कुटुंब उंचीप्रमाणे ओळीने उभे राहिले. तिसरीस हवालदार चौकशीस आला, आणि टोपी सरळ करून हसला. चौथीस माणसे नीट चालली, परंतु एक बकरी भिंगात पाहती जाहली. बकरी इसमात मोडते की कसे, याचा निवाडा करण्यास मास्तर हजर नव्हते. सबब तीही बाद धरिली.

एक चावी उरली. तेव्हा सहाध्यायी दौलतराव, मुक्काम अफझलगंज, हुद्दा बँकेत कारकून, यांनी गनिमी काव्याची मसलत दिली. पलीकडच्या चौकात हार्मोनियमची पेटी तिकाटण्यावर चढविली, तीवर काळे फडके टाकिले, थर्मोकोलचा तख्ता उन्हात धरिला आणि काळा चष्मा लावून गर्जना केली, "सायलेंस!"

जमाव धावला. "हीरो कौन है जी?"

"आरैं, आरैं. हल्लू! पीछे हो!" हीरो येतोच आहे ऐसे भासवून दौलतराव जमाव मागे सारिते जाहले.

कावा इतका फत्ते जाहला की तोच घात ठरला. ज्यूसवाला गेला, हवालदार गेला, सात जणांचे कुटुंब गेले, बकरीही गेली. भिंगासमोर सहज जीवन नामे काहीच उरले नाही. पुस्तकविक्रेतेही उठले. त्यांतले एकटे खाजामियाँ, चष्मा नाकावर, मुखपृष्ठ फाटलेली कादंबरी वाचीत बसले होते.

"खाजाभाई, शूटिंग होरी, चलो!" शेजारचा विक्रेता जाता जाता ओरडला.

"तुम जाओ मियाँ. मेरे कू दो पन्ने बाकी हैं."

"किताब किधर भागरी?"

"हीरोइन मरने की है. छोड़ के कैसे आऊँ?"

मानसीबाईंनी भिंग मियाँकडे वळविले आणि पाचवी चावी सोडिली. नवव्या सेकंदास मियाँनी बोट ओले करून पान उलटिले. एकोणिसाव्यास शेवटची ओळ संपली, आणि त्यांनी कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले. मग मान वर येऊ लागली. भिंगापर्यंत चार बोटे उरली. तोच मान थबकली, मियाँनी पन्नासेक पाने मागे उलटिली, आणि नायिका जिवंत होती तेथून पुन्हा वाचावयास घेतले. चावी संपली.

फीत धुवून येण्यास अकरा दिवस लागले. दृश्य मुके. मास्तरांनी एकदा पाहून पुसिले, रस्ता कोठे आहे? दुसऱ्यांदा पाहताना खुर्ची पुढे ओढिली. तिसऱ्यांदा पाहून पुसिले, हा इसम मागे का फिरला? मानसीबाई सविस्तर सांगावयास उठल्या, तो दौलतरावांनी पायाने त्यांचा पाय दाबून त्यांस खाली बसविले.

"कळत नाही," मास्तर म्हणाले, "आणि जीव तर अडकलाय." मग निवाडा दिला, जे भिंगात कोणी पाहिले नाही, सबब पास, परंतु रस्त्याचे जीवन मागितले असता रस्ताच मोकळा केला, सबब पासष्ट गुण कापावे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. त्या रविवारी खोट्या शूटिंगापुढील जमाव सव्वा तास हटेना, तेव्हा दौलतरावांनी हीरो म्हणोन स्वतः चौदा सह्या दिल्या. शशिकांतरावांनी पस्तीसचा आकडा उजेडात धरून दोनदा वाचिला, गुणपत्रिकेची मागची बाजूही पाहिली, आणि फॉर्म स्वहस्ते फाडिला. विजय शंभरांत पस्तीस.