रामजी दौलत गल्लीचे पोस्ट खाली केले, त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, बंदर मुंबई, प्रांत लालबाग, मौजे रामजी दौलत गल्ली येथील समस्त रहिवासी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि वाचनालयाचे वर्गणीदार यांणी एकत्र बसोन आज्ञा केली की, आमचे पोस्ट वर गेले आणि दिल्लीदरबारी मोहीम करोन खाली आणिले, हा पराक्रम जो तो सांगतो आणि ज्याच्या त्याच्या सांगण्यात तो स्वतःच आघाडीस असतो, तरी जे घडले ते तुम्ही एकवार लिहोन ठेवावे. आज्ञा शिरसावंद्य करोन लिहावयास बसलो. लढाईचे दिवशी आमचे हाती डिंकाची बाटली होती, इतकाच आमचा वाटा, तो आधी नमूद करोन पुढे जातो.

ऐसियास, गल्लीचे पोस्ट पूर्वापार तळमजल्यावर होते. तीन सालांमागे तळमजल्याची फरशी उखडली, मग हुकूम आला की फरशीचे काम दोन महिने चालेल, तोवर पोस्टाने पहिल्या मजल्यावर मुक्काम करावा, आणि पोस्टमास्तर राजमान्य राजेश्री गंगाधरपंत टिपणीस यांणी सारा सरंजाम वर नेला. फरशी दोन महिन्यांत जाहली, उत्तम जाहली, आणि मग दारास कुलूप पडले. कां की वर जाण्याचा हुकूम दप्तरी होता, खाली येण्याचा नव्हता. गंगाधरपंत पापभीरू गृहस्थ, लेखी हुकुमाविना टाचणीही न हलविणारे, त्यांणी वरिष्ठांस अकरा पत्रे रवाना केली, आणि अकरांचेही उत्तर आले की आपले पत्र मिळाले.

आता वरचे पोस्ट म्हणजे काय मुलूख, तेही सांगतो. सदतीस पायऱ्या, त्यात अठराव्या पायरीवर वळण, वळणावर अंधार, कठडा हलता, आणि लिफ्ट म्हणावी तर त्या इमारतीने तो शब्दही ऐकिलेला नाही. तरण्या माणसाचा श्वास वर पोहोचून पाकिटावर तिकीट लावीपर्यंत ठिकाणी येत नसे. वृद्ध मंडळी खालूनच हाका मारीत, आणि खिडकी नंबर दोनच्या कारकून चिरंजीव रुचा कर्णिक या दिवसातून दहा वेळा खाली उतरोन टपाल घेऊन जात. टपाल असे खालीवर होत असे, परंतु अंगठ्याचे यंत्र वरच्या भिंतीस तारांनी जखडलेले, ते खाली येत नसे, आणि साऱ्या युद्धाचे मूळ त्या यंत्रात आहे.

गल्लीत वज्रचुडेमंडित नव्हेत, तरी वज्राहून कठीण अशा श्रीमती ललिताबाई दिघे राहतात. उमर एक्याऐंशी, गुडघे दोन्ही निकामी, डोळे मात्र गरुडाचे. बाईंनी सरकारी छापखान्यात तीस साल मुद्रितशोधकाची चाकरी केली, त्यामुळे लग्नाची पत्रिका हाती आली तरी आधी ऱ्हस्वदीर्घ पाहतात आणि मग वधूवरांची नावे. ऐशा पेन्शनदारांनी दर साल नोव्हेंबर अखेरीस सरकारास अंगठा दाखवोन आपण हयात असल्याचे सिद्ध करावे, ना तर सरकार त्यांस मयत धरते, ऐसा कायदा. मोबाईलवर मुखावलोकन करोनही काम होते म्हणतात. बाईंनी तोही मार्ग केला. यंत्राने डोळे मिचकावा म्हणोन फर्माविले, बाईंनी मिचकाविले, यंत्रास पटले नाही, बाईंनी चष्मा काढोन मिचकाविले, यंत्राने चेहरा दाखवा म्हटले, तेव्हां बाई संतापोन म्हणाल्या, "मग इतका वेळ काय दाखवत होते?" आणि ती मसलत तेथेच राहिली. गेल्या साली चौघांनी खुर्चीत घालोन वर नेले. वळणावर खुर्ची कलली, बाई कठड्यास धरोन वाचल्या, आणि जिवंत असल्याचा दाखला काढावयास जाऊन भलतेच होत होते. तेव्हांच बाईंनी प्रतिज्ञा केली की पुन्हा या जिन्यास पाय लावणार नाही, यंत्र खाली येईल तर जिवंत आहे, ना तर सरकारने खुशाल मेले म्हणावे.

तेसमयी या प्रांताच्या खासदार अनुजाताई विजयकर, राहणार गिरगाव, विरोधी बाकांवरील नामांकित लढवय्या. निवडणुकीत मते मागावयास गल्लीत आल्या असता ललिताबाईंनी त्यांचे पत्रक घेतले, त्यातील सात चुका लाल शाईने दाखविल्या, आणि सांगितले, "मत देईन. पण आमचं पोस्ट खाली आणायचं. रस्ते, पूल, ते बाकीच्यांना सांग." ताईंनी शब्द दिला. निवडून येऊन दिलेला शब्द ध्यानी ठेविला, हे बखरकार विशेष नमूद करतो, कां की ऐसे प्रसंग लिहावयास फार मिळत नाहीत.

मग श्रावणमासी ताईंनी दिल्लीवर कूच केले. शून्य प्रहरात बोलावयाचे तर रोज सकाळी अर्ज द्यावा, मग चिठ्ठीने नाव निघावे, निघाले तर पुकार व्हावी, ऐसा त्या दरबारचा शिरस्ता. आठ दिवस नाव निघाले नाही. नवव्या दिवशी निघाले, तो ताईंच्याच पक्षाचा आदेश आला की भलत्याच एका गहन प्रश्नावर समस्तांनी हौद्यात उतरोन घोषणा द्याव्या. हौदा म्हणजे अध्यक्षांच्या आसनापुढील मोकळी जागा, त्यात हत्ती नसतो, परंतु कल्लोळ तितकाच असतो. तेव्हां ताईही फलक घेऊन हौद्यात उभ्या राहिल्या, आणि कामकाज तहकूब जाहले, म्हणजे आपल्या प्रश्नाची वाट ताईंनी आपणच अडविली. संध्याकाळी ललिताबाईंचा फोन गेला. त्यात काय बोलणे जाहले ते कळत नाही, परंतु दुसरे दिवशी ताई हौद्याच्या बाजूस फिरकल्या नाहीत.

बाराव्या दिवशी पुकार जाहली. बोलावयास दीड मिनिट. ताई उभ्या राहिल्या, सदतीस पायऱ्या वर्णिल्या, वळण वर्णिले, कलती खुर्ची वर्णिली, सत्ताधारी बाकांवरचेही दोघे वृद्ध आपले गुडघे चोळू लागले, इतक्यात घंटा वाजली, ध्वनिक्षेपक बंद होण्याचे लक्षण दिसले, आणि दिल्लीस समजावे म्हणोन ताईंनी कागद सोडोन आपल्या खास गिरगावी हिंदीत अखेरचा वार केला, "अध्यक्ष महोदय, मेरी एकच मांग है. वो पोस्ट तुरंत खाली कीजिए!" बाकांवर थापा पडल्या. इकडे गल्लीत टीव्हीपुढे बसलेल्या मंडळींनी पेढे वाटले. हिंदी ऐसी स्पष्ट, ऐसी ठसठशीत, की एकाही मुंबईकरास त्यात काही वावगे ऐकू आले नाही.

परंतु मुंबईत जे खाली म्हणजे तळाशी, ते दिल्लीत खाली म्हणजे रिकामे.

कार्तिकमासी दिल्लीचा खलिता आला. गंगाधरपंतांनी हात धुऊन तो फोडिला आणि रुचाबाईंस वाचावयास दिला. त्यात लिहिले होते की, माननीय सांसद महोदया की माँग पर सहानुभूतिपूर्वक विचार करके आदेश दिया जाता है कि उक्त डाकघर १५ नवंबर तक पूर्णतः खाली किया जाए और अनुपालन की सूचना भेजी जाए. रुचाबाई वाचता वाचता पांढऱ्या पडल्या. "सर, हे पोस्ट रिकामं करायला सांगतायत. म्हणजे बंदच." पंतांनी खलिता परत घेऊन स्वतः वाचिला. तीन साले खाली येण्याचा हुकूम मागितला, तो मिळाला निघून जाण्याचा. वार्ता पायऱ्यांवरोन खाली गेली, आणि ज्यांणी पेढे खाल्ले होते त्यांच्या तोंडची चव गेली. जवळचे दुसरे पोस्ट पुलापलीकडे, तेथे ललिताबाई कोणत्या जन्मी पोहोचणार, हा विचार सर्वांच्या मनी आला.

ताईंस फोन गेला. ताई टॅक्सी करोन तत्काळ दाखल जाहल्या, आणि ललिताबाईंच्या पहिल्या खोलीत खलबत बैसले. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाल्या, "चूक माझीच आहे, मावशी. मी आजच्या आज दुरुस्तीचं पत्र देते."

"अजिबात द्यायचं नाही," ललिताबाई म्हणाल्या. "दुरुस्त्या मी तीस वर्षं केल्या. कुठली चूक काढायची आणि कुठली तशीच जाऊ द्यायची, ते मला विचार." मग चष्मा पुसोन त्यांणी खलिता नाकाशी धरिला, अक्षरन् अक्षर वाचिला, आणि पंतांकडे वळल्या. "गंगाधर, हे पत्र कोणाच्या नावे आलंय?"

"माझ्या."

"अंमल कोणी करायचा?"

"मीच करायचा, मावशी."

"मग तुला समजेल तसाच करणार ना तू? हिंदी कुठे शिकलास?"

"शिकतोय कुठला? पिक्चर बघून जेवढी येते तेवढी."

"मग सांग बघू. पोस्ट खाली करा, म्हणजे काय?"

पंतांनी कुलूपबंद तळमजल्याच्या दिशेने पाहिले. मग खलित्याकडे पाहिले. लेखी हुकूम, सही, शिक्का, जावक क्रमांक, सारे यथास्थित, एका टाचणीचीही उणीव नाही. तीस सालांच्या चाकरीत जे हसू कोणी पाहिले नव्हते ते पंतांच्या मुखावर हळूहळू उगवले. "पूर्णतः खाली करायचंय, मावशी," पंत म्हणाले. "म्हणजे काहीच वर ठेवायचं नाही."

मग काय विचारता. पंधरा तारखेस सकाळी कुलूप निघाले. गणपती मंडळाचे सुशांत परब आपली खाशी फौज घेऊन आले. वीस फुटी मूर्ती ज्यांणी विजेच्या तारांखालोन सुखरूप नेली, त्यांस सदतीस पायऱ्यांची काय तमा. लोखंडी कपाटास दोर बांधिले, "सावकाश, कान सांभाळा," ऐसे सुशांतराव सवयीने म्हणाले, कपाटास कान नाहीत हे कोणी त्यांस सांगितले नाही. मग टेबले उतरली, खुर्च्या उतरल्या, वजनकाटा उतरला, बंद पडलेले घड्याळ दहा वाजोन दहा मिनिटे या मुद्रेत उतरले, आणि सर्वांमागोन सुतळीने बांधलेले पेन पंतांनी स्वहस्ते, जरीपटक्याप्रमाणे उंच धरोन, खाली आणिले. वळणावर कठडा मोडला, परंतु कोणी जखमी नाही. डिंकाची बाटली आम्ही आणिली, ती सांडली नाही. दोन प्रहरी भिंतीवरील अंगठ्याचे यंत्र तारांसकट उपटोन तळमजल्यावर जोडिले, दिवा लागला, आणि गल्लीत टाळ्यांचा गजर जाहला.

मग ललिताबाई इरकली नेसोन, काठी टेकीत, आपल्या पायांनी आल्या. उंबऱ्यापाशी एकच पायरी, तीही त्यांणी थांबोन नीट पाहिली, जणू तिजवर काही चूक राहिली आहे. यंत्रावर अंगठा ठेविला. ठसा उठला नाही. पुन्हा ठेविला, उठला नाही. तीस साले कागद चाळोन अंगठ्याच्या रेघा झिजल्या होत्या. गंगाधरपंतांनी डोळे मिटले. रुचाबाईंनी बाईंचा हात आपल्या हाती घेतला, फुंकर घातली, आपल्या ओढणीने अंगठा पुसला, आणि हलकेच दाबोन धरिला. यंत्राने हिरवा दिवा दिला.

"आजी, जिवंत आहात तुम्ही," रुचाबाई म्हणाल्या, आणि त्यांस रडू आले.

"मला माहीत होतं गं," बाई म्हणाल्या. मग अंगठा न्याहाळीत म्हणाल्या, "पण कोणीतरी लिहून दिलं की बरं वाटतं." आम्ही तेथे उभे होतो. आम्हांसही रडू आले, ते लपवीत नाही.

त्याच दिवशी पंतांनी दिल्लीस अनुपालन रवाना केले की, आदेशानुसार डाकघर पूर्णतः खाली केले. उलट टपाली संतोष कळविण्यात आला. हिवाळी अधिवेशनात अनुजाताईंच्या मनी आले की उभे राहोन खरा अर्थ सभागृहास सांगावा, इतिहास शुद्ध करावा. ललिताबाईंनी फर्माविले, "आता गप्प बस, बाळ." विरोधी बाकांवर बसोन बोलण्याची संधी असता गप्प राहणे यास काय काळीज लागते ते जाणत्यांनी जाणावे. ताई सारे अधिवेशनभर या विषयी एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि या मोहिमेतील सर्वांत कठीण लढाई तीच, ऐसे आमचे मत आहे.

येणेप्रमाणे फत्ते जाहली ती दप्तरी दाखल केली. दिल्लीच्या दप्तरी आमचे पोस्ट खाली आहे. आमच्याही दप्तरी ते खालीच आहे. उभय पक्षी एका शब्दाचाही वाद उरला नाही. रोज सकाळी दहास पोस्ट उघडते, समस्त गुडघेदुखे आपल्या पायांनी येतात, आणि दहा वाजोन दहा मिनिटांनी आत उभे राहावयास जागा नसते.