किड्यानं खाल्लेला कप

सुपडाभाऊ कुणाकडेही गेले की चहा पिण्याआधी कपाचं बूड पाहतात. कप भरलेला असला तरी. डोक्यावर धरून, मान वर करून. आमच्याकडे एकदा अर्धा चहा त्यांच्या कपाळावर सांडला, तर म्हणाले, "भाजलं नाई. पण गुर्जी, माल नवा हाये."

वरवट बकालला आमच्या घराला लागून त्यांचं घर. जन्म गेला मिरची-वांग्यात. तीन वर्षांपूर्वी वहिनी वारल्या, मुलानं मोबाइल घेऊन दिला, आणि भाऊ थेट जपानात पोचले. तिथले दर्दी लोक म्हणे चीनची शेकडो वर्षांपूर्वीची निळी-पांढरी भांडी जमवतात, रेशमात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवतात. कडेचे टवके उडालेले असले तर आणखीच खूश. "किड्यानं खाल्लं म्हन्तात थे त्याले," भाऊ सांगतात.

"म्हणजे फुटकं महाग आणि धड स्वस्त?" मी विचारलं.

"तसं नाई. टवक्यात दम पायजे."

हा दम काय असतो ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या बायकोनं कौतुकानं तीन फुटक्या बशा पुढे केल्या. भाऊंनी चष्मा लावून पाहिल्या आणि परत दिल्या. ती आठवडाभर फुगून होती. त्या बशा फेकायच्या की जपायच्या, हे आमच्या घरात ठरत नाही ते नाहीच.

भाऊंकडे मात्र असला एकच कप, सुताराकडून करून घेतलेल्या पेटीत. दिवाळीची आवराआवर निघाली की त्यांची सून संगीता त्या कपाच्या मागे लागते, कारण टवका उडालेलं भांडं घरात ठेवू नये. यंदा तिनं मलाच पंच नेमलं.

"काका, तुमीच सांगा. खरंच चीनचा असन तं राहू द्या. नाई तं आजच उकिरड्यावर."

मी कप उलटा केला. बुडावर हिंदीत स्वच्छ छापलं होतं, खुर्जा, भारत में निर्मित. भाऊ हातातला रुमाल पिळत माझ्याकडे पाहत होते.

"चीनचाच आहे," मी म्हणालो. "बराच जुना."

संगीता कपाळाला हात लावून आत गेली.

"गुर्जी, तुमाले तं वाचता येते ना?" भाऊंनी हळूच विचारलं.

"येतं. म्हणून तर काही समजत नाही."

ते कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "तुमच्या वयनीचा हाये. दवाखान्यात नेलं त्या सकायी यातच चहा पेली, अन् मोरीत ठेवताना हातातून निसटला. मंग वापस आलीच नाई."

"अहो, मग सुनेला सांगा ना. ती कशाला फेकेल?"

"सांगतलं तं थे रडन, गुर्जी. बिनामायची वाढलेली पोरगी. सासूलेच माय म्हने. जपानचं सांगतलं का नुसती चिडते."