मानाच्या क्रमानं

पहिली नोकरी दुसऱ्या नोकरीनंतर मिळते, हा जगाचा नियम आहे आणि त्यात कुणाचाच दोष नाही. कंपनीला अनुभवी माणूस लागतो. अनुभव कंपनीत मिळतो. कंपनीत शिरायला अनुभव लागतो. इतकी साधी गोष्ट बी.एस्सी. होऊन, वर डोंबिवलीत दीड वर्षं कॉम्प्युटरचा क्लास करूनही महिपतच्या डोक्यात शिरेना. तेव्हा ती त्याच्या आईनं, दुसरी पास आवडाबाईनं, समजून घेतली. (तिसरीच्या पहिल्याच आठवड्यात बापानं मिठागरावर नेलं, त्यामुळे तिला तिसरी नापास असं कुणी म्हणू शकत नाही. एकानं म्हटलं होतं. तो आता कल्याणला राहतो.)

आवडाबाईचं घर ठाकुर्लीच्या खाडीकडच्या गावात. घराण्याची जमीन आधी रेल्वेनं घेतली, मग रस्त्यानं, मग कारखान्यांच्या वसाहतीनं. (जमीन घेणाऱ्याला अनुभव विचारत नाहीत.) दर वेळी प्रांताच्या कचेरीत हेलपाटे घालून तिला सरकारी भाषा तोंडपाठ झाली होती. शेजारणीची कोंबडी अंगणात आली तरी ती ‘सदर कोंबडी’ म्हणायची.

महिपतनं क्लासला नाव घातलं त्याच महिन्यात त्याच्या चुलतभावाचं लगीन निघालं. आवडाबाईनं पत्रिकेत महिपतच्या नावापुढे कंस घालून ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ छापून घेतलं. यात खोटं काही नव्हतं. लावणी झालेल्या शेताला भाताचं शेतच म्हणतात, कापणीपर्यंत कुणी थांबत नाही.

या गावची लग्नपत्रिका म्हणजे हातभर लांब कागद. वर देव, मग नवरा-नवरी, आणि त्याखाली आपले नम्र, निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक आणि किलबिल मिळून तीनशे नावं. नावापुढे कंसात हुद्दा: (रेल्वे), (पोलीस), (कॉन्ट्रॅक्टर), (माजी सरपंच). पत्रिका हे गावाचं राजपत्र आहे. त्यात छापलं ते झालं.

फक्त कंपन्यांना अजून ते कळलं नव्हतं. क्लासच्या भिंतीवर नोकरी लागलेल्या मुलांचे चार फोटो होते. त्यातले तिघे त्याच क्लासात शिकवत होते आणि चौथा मालकाचा मेहुणा होता. पाचव्या फोटोची जागा भरलेली नाही म्हणून महिपतला भिंतीखाली बसवून धीर देत. तो मुलाखतींना जायचा आणि मुलाखती त्याला परत पाठवायच्या. मुलाखत नसेल त्या दिवशीही आवडाबाई डबा भरून द्यायची, कारण कंस छापून झाला होता. डबा घेऊन तो डोंबिवलीच्या वाचनालयात बसायचा आणि संध्याकाळी कंपनी सुटायच्या वेळेला घरी यायचा. घरात बोलणं कमी केलं होतं. जेवताना मीठ लागलं तरी मागायचा नाही, आणि मिठागरवाल्यांच्या घरात याहून वाईट लक्षण नाही.

हे गावकीच्या अध्यक्षाला, परशुरामला कळलं. त्याचा मुलगा धाकू (कॉन्ट्रॅक्टर) पत्रिकेत महिपतच्या खालच्या ओळीत होता, त्यामुळे परशुरामला सत्याची फार चाड होती. देवळात गावकी बसली.

“आवडाबाय, पोरगा तुजा कंपनीत जातो का वाचनालयात झोपाला?”

“डोकं वापरनाऱ्याला झोप येते. तुज्या धाकूला कवा दिवसाची झोप आलेली आठवतंय का तुना?”

“त्यो इषय नाय. नोकरी नाय त कंस काडा.”

“कंपनी दोन वर्सांचा अनुभव मागते. मंग गावकीनं दोन वर्सं द्याला नकोत? का गावकी कंपनीच्या वर हाय?”

गावकी कंपनीच्या वर आहे असं प्रत्येकाला वाटत होतं, पण ते लिहून कोण देणार, म्हणून ठराव झाला: ‘चि. महिपत यांच्या नावापुढील कंस दोन लगीनसरायांपुरता तात्पुरता कायम करण्यात येत आहे. त्यापुढील तुळशीच्या लग्नाआधी नोकरीचे पत्र दाखवावे, अन्यथा कंस आतील मजकुरासह काढून घेण्यात येईल.’ कंस गेला म्हणजे काय, हे महिपतला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. नोकरी नसलेली माणसं गावात पुष्कळ होती. छापलेला कंस काढून घेतलेला एकही नव्हता.

पुढच्या मुलाखतीला आवडाबाई स्वतः गेली. कंपनी ठाण्याला वर्तकनगरात, एका वसाहतीतल्या दोन खोल्यांत होती. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर देशाचं भविष्य लिहिलं जायचं आणि आतल्यात साहेब बसायचे. स्वयंपाकघरात प्रिंटर होता.

“मावशी, मुलगा हुशार आहे,” साहेब म्हणाले. “पण आम्हाला दोन वर्षांचा अनुभव लागतो.”

“सायेब, तुमाला पयली नोकरी कुनी दिली?”

“माझ्या मामांची फर्म होती.”

“मामानं अनुभव इचारला?”

“अहो, ते मामा होते.”

“बराबर हाय,” आवडाबाई म्हणाली आणि उठली. तिला सगळी पद्धत कळली होती. अनुभव घरच्यांनी द्यायचा असतो आणि बाहेरच्यांनी तपासायचा असतो. महिपतचा मामा वीटभट्टी चालवत होता, त्याचा उपयोग नव्हता. राहिली गावकी.

आता गावकीकडे कॉम्प्युटरजोगं काम काय होतं? एकच, पण भयंकर. पत्रिकेत नावं कुठल्या क्रमानं घालायची. प्रत्येक लग्नाआधी पंच रात्र रात्र बसायचे आणि तरी कुणीतरी हळदीला न जेवता उठून जायचं. आवडाबाईनं हे काम महिपतला द्यायची मागणी केली. परशुरामनं लगेच मान्य केली. (या कामात हात घातलेला माणूस गावात तोंड दाखवायला उरत नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.)

गावकीनं जुना कॉम्प्युटर घेतला आणि सामायिक मालमत्तेत नोंदवला, म्हणजे मोठे टोप, सतरंज्या आणि लाऊडस्पीकर यांच्याबरोबर. त्यामुळे टोपांचेच नियम त्याला लागू झाले: ज्याच्या घरी कार्य त्याच्या घरी न्यावा, कार्य झाल्यावर घासून परत करावा. एका घरानं तो नियमाप्रमाणे घासून परत केला. कीबोर्ड गच्चीवर वाळत होता तेवढे दिवस सॉफ्टवेअर उद्योग बंद राहिला.

महिपतनं पहिली आवृत्ती लिहिली. क्लासात शिकवल्याप्रमाणे तिनं सगळी नावं अकारविल्हे लावली. शास्त्र म्हणून ते बिनचूक होतं. आवडाबाई पहिली आली. पाच वर्षांची आशा, जिची जागा किलबिलमध्ये, ती माजी सरपंचाच्या डोक्यावर बसली. धाकू आपल्या बापाच्या वर गेला. आणि परशुराम, ज्याच्या आजोबांनी देवळाला दगड दिले, तो पखवाजवाल्या नारायणाच्या खाली आला. हळदीला अर्धं गाव मटण टाकून उठलं. एवढं त्या गावात दुष्काळातही झालं नव्हतं.

“आये, क्रम बराबर हाय,” महिपत म्हणाला.

“कुनाच्या हिशोबानं?”

“बाराखडीच्या.”

“बाराखडीचं आपल्या गावात घर हाय का? तिला कोन मान देनार?”

पहिल्या सराईची आकडेवारी अशी: लग्नं अकरा, भांडणं अकरा. परशुरामनं कंस मुदतीआधीच काढायचा ठराव आणला. तो फक्त एवढ्यासाठी पडला, की ठरावावर पहिली सही कुणी करायची यावर एकमत होईना.

मग महिपतनं घरोघरी जाऊन मानाचे नियम गोळा केले. वडीलधारे आधी. पण देवळाला जमीन दिलेली घरं त्यांच्याही आधी. वेगळं राहणारा भाऊ एकत्र राहणाऱ्या भावाच्या नंतर, मात्र वेगळा राहून बंगला बांधला असेल तर आधी. जावई स्वतंत्र ओळीत. वारलेले सगळ्यांच्या वर. (ते तक्रार करत नाहीत, हा एकच नियम बिनविरोध मंजूर झाला.) परशुराम दामाजीच्या वर, कारण तो अध्यक्ष. दामाजी परशुरामच्या वर, कारण तो परशुरामचा मामेसासरा. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर तो विचार करायला बसला आणि दोन दिवस उठलाच नाही. दामाजी रोज येऊन पडद्यासमोर उभा राहायचा, आपल्या बाजूनं काही निघतंय का बघायला.

सराई सुरू व्हायला आली होती. महिपतनं डबा न्यायचं बंद केलं. मामाच्या वीटभट्टीवर कधी येऊ म्हणून त्यानं निरोपही पाठवला. आवडाबाईनं निरोप नेणाऱ्याला वाटेतच अडवून, चहा पाजून, परत लावून दिलं.

“महिपत्या, पंगतीत वाढपी कुठून सुरू होतो?”

“कुठूनपन.”

“आन भांडन कोन करतो?”

“ज्याच्यापासून सुरू नाय केला त्यो.”

“मंग परत्येकापासून सुरू कर.”

 महिपत जागचा उठला, आणि जाताना म्हणाला, “आज आमटीला मीठ नव्हतं.” आवडाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि चुलीला धूर फार झालाय असं जाहीर केलं. (चूल जाऊन त्या घरात गॅस आलेला होता.)

दुसरी आवृत्ती अशी: पत्रिकेचा कोरा कागद छापखान्यातून यायचा आणि नवरा-नवरीसकट सगळी नावं कॉम्प्युटर घालायचा. ज्या घरी पत्रिका जायची, त्या घराचं नाव पहिलं. परशुरामच्या पत्रिकेत परशुराम वर. दामाजीच्या पत्रिकेत दामाजी वर, आणि परशुराम शोधूनही सापडायचा नाही. प्रत्येक घरानं आपली पत्रिका वाचली, न्याय झाला म्हणून मान हलवली आणि समोरच्या भिंतीला लावली. दुसऱ्याची पत्रिका कुणी वाचली नाही. वाचायची गरजच काय? दुसऱ्या सराईत लग्नं चौदा, भांडण एक, तेही नळीच्या हाडावरून.

अनुभव पुरा झाला. गावकीनं दाखला दिला: ‘चि. महिपत यांनी दोन सराया कॉम्प्युटर चालविला. वापरणारी घरे तीनशे. शिल्लक तक्रार शून्य. वर्तणूक आईसारखी नाही.’ पहिली सही कुणाची हा प्रश्न आला तेव्हा महिपतनं दाखल्याच्या पाच प्रती काढल्या, पाच पंचांच्या पाच, प्रत्येकाची सही वर.

वर्तकनगरच्या साहेबांनी पाचही कागद पाहिले. एकदम पाच ठिकाणचा अनुभव त्यांनी याआधी पाहिला नव्हता.

“तीनशे जण वापरतात आणि तक्रार शून्य? कसं काय?”

महिपतनं खरं ते सांगितलं. साहेबांनी उठून दार लावून घेतलं. त्यांची कंपनी दोन वर्षं एका कारखान्यासाठी महिन्याचा अहवाल बनवत होती. कारखान्यात सहा मॅनेजर होते आणि अहवाल सहा वेळा नापास झाला होता, कारण पहिल्या पानावर दर वेळी कुठलंतरी एकच खातं यायचं.

“सोमवारपासून ये,” साहेब म्हणाले.

आता त्या कारखान्यात सहा अहवाल जातात. प्रत्येकात तो तो मॅनेजर पहिल्या पानावर असतो. कारखान्याचा माल कमी निघतोय की जास्त, हे शेवटच्या पानावर असतं आणि तिथवर अजून कुणी पोचलेलं नाही. सॉफ्टवेअर अत्यंत समाधानकारक असल्याचं कारखान्यानं लेखी कळवलं आहे.

तुळशीच्या लग्नाआधी आवडाबाईनं नोकरीचं पत्र देवळात वाचून दाखवलं. इंग्रजी होतं, तरी तिनं वाचलं. कंस कायम झाला. परशुरामनं खालच्या मानेनं ठराव लिहिला, आणि बाहेर पडताना धाकूला कुठल्या क्लासला घालावं ते हळूच विचारून घेतलं.

पुढच्या सराईत महिपतचं लगीन निघालं. मुलगी दिवा स्टेशनाकडची, मालू. पत्रिका अर्थातच दुसऱ्या आवृत्तीतून निघाल्या. आवडाबाईच्या सांगण्यावरून प्रत्येक पत्रिकेत त्या त्या घराच्या नावालगतच महिपतचा कंस घातला होता, ठळक. एवढं सगळं बसवताना कागदावरची जागा संपली. तीनशे पत्रिका वाटून झाल्या, तीनशे घरं हळदीला आली, पोटभर जेवली. मालूच्या बापालाही त्याच्या नावाची पत्रिका पोचली होती आणि तो खूश होता.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मालूनं पत्रिका वरून खालपर्यंत दोनदा वाचली.

“आये, याच्यात माजं नाव कुठं हाय?”

“तुजं नाव कशाला पायजे? तू येनारच होतीस.”

तुम्हाला हसू आलं असेल तर बरंच आहे. आता तुमच्या घरी आलेली शेवटची पत्रिका आठवा. आपलं नाव कितव्या ओळीत होतं, कुणाच्या खाली टाकलं होतं, पुढे हुद्दा छापला होता की राहिला होता, ते आठवलं ना? छान. आता नवरीचं नाव सांगा.