मामांचा बेंजो

मनस्वीच्या हळदीच्या रात्री बेंजोला दोन मालक होते. सकाळी एकही उरला नाही.

बेंजोपार्टीचा कमलाकर मास्तर सामान टेम्पोत चढवून मांडवात उभा होता. रात्री मोठ्या तुळशीराममामाने माइकवर "बेंजो माझ्यातर्फे!" असं जाहीर केलं होतं. ते ऐकून धाकट्या दीपेशमामाच्या पोटात दुखलं. त्यानेही माइक ओढून तेच जाहीर केलं आणि वर कमलाकरला टोपी घातली. रात्री ती मानाची वाटली होती.

"शेठ, आमच्या पैशाचं बघा," कमलाकर तुळशीरामला म्हणाला.

"टोपी कोनी घातली? दीपेशनं. त्याच्याकडं जा."

दीपेश चहात खारी बुडवत होता. "पहिला माइक दादाचा. मी आपलं हौसेनं बोललो. मान दादाचाच."

जन्मात पहिल्यांदा भाऊ एकमेकांना मान देत होते. टेम्पोतून ढोलकीवाला ओरडला, "मास्तर, त्यांचं र्‍हाऊ द्या. आमचं मालक तुमी. आमचा रोज तुमी काढा!"

कमलाकर पुन्हा तुळशीरामकडे वळला. तेवढ्यात नवरीची आई, दोन्ही मामांची एकुलती बहीण वेणू, पदराला हात पुसत आली. तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि सरळ माइक उचलला.

"मंडळी, कालचा बेंजो मनस्वीच्या काकांनी दिला. आमच्या निनादभावोजींनी. मामांना काय जमलं नाय."

भोंगा पार उरण नाक्यापर्यंत ऐकू गेला. कोपऱ्यात दाढी करत बसलेले भावोजी तोंडाला फेस तसाच ठेवून बघत राहिले.

"मामा जिवंत असताना बेंजो काकाचा?" तुळशीरामने खिशात हात घातला.

"निम्मं-निम्मं द्या," वेणू म्हणाली, "नायतर भावोजींचंच नाव लागंल."

"हे माझं निम्मं!"

"हे माझं! वर पाचशे!"

"माझं वर हजार! मोठा कोन हाय?"

कमलाकर नोटा घेता घेता दमला. टेम्पोत चढताना हळूच म्हणाला, "ताई, फोन तर तुमीच केलेलात. आमाला बोलावलं तुमी."

"दोघांना बोललास काय तसं?"

"नाय."

"बरं केलंस. मी एकाला बेंजोचा मान दिला असता तर दुसरा लग्नाला आला नसता. मला दोघं पायजेत." वेणूने पदर खोचला. "आनि तू बोलला असतास तर पैसं मला द्यायला लागलं असतं ते वेगळंच."

टेम्पो सुरू झाला, तोच अर्ध्या दाढीचे भावोजी धावत आले. "वहिनी, लोक शेकहँड करतायत मला! मनस्वीच्या बाळाच्या बारशाला बेंजो माझ्यातर्फे!"

नवरीवर अजून अक्षता पडायच्या होत्या.

कमलाकरने टेम्पो थांबवला, खाली उतरला आणि हात पुढे केला.

"सुपारी आधी."