जावयाचा होकार आणि सासूबाईंचं बोट

दुपारी चारच्या सुमारास जावयाची उजवी करंगळी लॅपटॉपच्या शिफ्टच्या कळीवर टेकली होती आणि तो विचारात पडला होता. विचारात हे आपलं म्हणायला. खरं तर तो भीतीने गारठला होता. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती. आपलं उत्तर पाचच्या आत त्यांच्या साइटवर लिहायचं होतं आणि ती साइट मोबाइलवर उघडायला तयार नव्हती. होकार द्यायचा हे नवराबायकोचं महिन्यापूर्वीच ठरलं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या सासूबाईंना ते सांगणं तेवढं राहिलं होतं. "माझ्याच्याने नाही होणार, मी रडेन. तूच सांग," असं म्हणून बायको सकाळीच परीक्षेच्या ड्युटीवर निघून गेली होती. तिथे मोबाइल बंद ठेवावा लागे.

सासूबाई निवृत्त मेट्रन. त्यांच्या वॉर्डात पेशंट विचारून खोकत असत, डॉक्टर चपला न वाजवता चालत असत. इंजेक्शननंतर कापूस दाबून धरायची सवय हातात इतकी मुरलेली, की कुठल्याही बटणावर त्यांचं बोट पडलं की तिथेच राही. आताही दारावरची बेल वाजली आणि वाजतच राहिली. जावयाची करंगळी होती तिथेच खिळली. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उगवली आणि तिने काहीतरी विचारलं. जावयाने न वाचता 'हो' म्हणून टाकलं. सासरकडचे बहुतेक निर्णय त्याने असेच घेतले होते.

त्या 'हो'ने काय झालं ते त्याला कळलं नाही, पण आपल्याला कळायला हरकत नाही. शिफ्टची कळ इतका वेळ दाबलेली आणि वर हा 'हो', त्यावरून लॅपटॉपची अशी समजूत झाली की या माणसाचे हात थरथरतात, तेव्हा ओझरता स्पर्श मोजायचा नाही, कळ चांगली दाबून धरली तरच अक्षर उमटवायचं. समजूत काही फारशी चुकीची नव्हती.

सासूबाई आत आल्या, "लेक येईपर्यंत बसते," म्हणाल्या आणि वर्तमानपत्र उघडून समोरच्या खुर्चीत बसल्या. जावयाने घाईघाईने टाइप करायला घेतलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा केलं, पुन्हा काही नाही. त्याने कळांवर फुंकर मारली. लॅपटॉप उलटा करून पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा त्यातून बिस्किटाचा चुरा आणि कापलेलं नख पडलं, अक्षर एकही पडलं नाही. शेवटी त्याने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"बंद करून चालू करा," दुरुस्तीवाला म्हणाला.

"आणि नाहीच झालं तर?"

"तर दुकानात आणा. उद्या."

जावयाने बंद करून चालू केला. लॅपटॉपने उठल्या उठल्या पासवर्ड विचारला. म्हणजे मघाशी जावई निदान घरात तरी होता, आता उंबऱ्याबाहेर आला. पाच वाजायला आले होते. नोकरी हातची गेली, बायको विचारणार आणि आपण सांगणार की कळ दाबली गेली नाही, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"जावईबापू, घाम कसला आलाय एवढा?"

"उकडतंय."

"पंखा चालू आहे." सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मनगट द्या." त्यांनी नाडी धरली. "ही नाडी आहे की काय आहे? काय झालंय?"

"कीबोर्ड गेलाय."

"एवढंच ना? कुठलं बटण चालत नाही, हे?" त्यांनी एका कळीवर बोट रोवलं. पासवर्डच्या जागी एक ठिपका उमटला.

जावयाने डोळे चोळले. आपण दाबून पाहिलं, काही नाही. सासूबाईंनी दाबलं, ठिपका. याचं कारण शोधायला वेळ नव्हता. "आई," तो म्हणाला, "पासवर्ड तुम्हीच टाका. मी अक्षरं सांगतो." आणि मग पासवर्ड काय आहे ते त्याला आठवलं, आणि तोंडचं पाणी पळालं. पण इलाज नव्हता. "व्ही... ए... जी... एच..."

सासूबाईंनी एकेक अक्षर सावकाश दाबलं. "वाघीण," त्या म्हणाल्या. "कोण वाघीण?"

"असंच. प्राणी आवडतात मला."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "आता काय लिहायचं?"

जावयाने घड्याळाकडे पाहिलं, देवाचं नाव घेतलं आणि सांगितलं, "आपण देऊ केलेली नोकरी मला मान्य आहे."

'मान्य आहे'पर्यंत लिहून झालं, पण सासूबाईंचं बोट शेवटच्या कळीवरून उठलंच नाही. तेच एक अक्षर ओळभर धावत गेलं.

"ही नोकरी कुठली?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या शहरातली. रात्रभराचा प्रवास आहे."

"लेकीला माहीत आहे?"

"हो."

"म्हणजे फक्त मलाच नाही."

"मी आज सांगणारच होतो. धीर होत नव्हता, आई. तुम्ही एकट्या पडाल." हे मात्र तो मनापासून बोलला होता.

सासूबाईंनी जादा अक्षरं एकेक करून पुसली. मग म्हणाल्या, "आमच्या वॉर्डातल्या तिघी जणींनी समुद्राजवळ घर घेतलंय. चौथी खोली माझी आहे. दोन वर्षं झाली, रिकामी ठेवलीय त्यांनी."

"मग गेला का नाहीत?"

"भीती वाटायची."

"समुद्राची?"

"तुमची. लेक रडेल आणि मोकळी होईल. तुम्हाला साधा ताप आला तरी तुम्ही मृत्युपत्र करायला बसता. कुणाच्या जिवावर टाकून जाणार होते मी?" त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं, तुमचं तुम्हीच ठरवलंत."

महिनाभर उरावर बसलेली जावयाची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. नव्या शहरात, नव्या घरात आपल्याला ताप आलाय आणि नाडी बघायला कुणी नाही, असं त्याला दिसू लागलं. समोरचं दार परक्याचं. ते उघडून कुणी आपल्याला ओरडणारही नाही. त्याला सासूबाईंचा राग आला, आणि रडूही आलं.

उत्तराखाली आणखी एक चौकट होती. 'आपल्या इतर अपेक्षा?' असं त्यात विचारलं होतं.

"आई, इथे लिहा," तो म्हणाला. "घर तीन खोल्यांचं हवं. सोबत सासूबाई आहेत."

सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. चांगलं प्रेमाने पाहिलं.

"ते माझ्या हातून टाइप होणार नाही, जावईबापू."

जावयाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दोन्ही हातांनी, सगळ्या बोटांनी, जिवाच्या आकांताने टाइप केलं. चौकट कोरी ती कोरीच. सासूबाईंनी लॅपटॉप परत आपल्यासमोर घेतला, सावकाश, एकेक अक्षर दाबत त्या चौकटीत लिहिलं, 'काही नाही', आणि पाठवून दिलं.